मनु लिहिणाऱ्या चंद्राक्का

लग्न होऊन मी तंजावरला आले त्याच महिन्यात शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "रेशनकार्डात नाव घालायचंय ना? मग चंद्राक्कांकडे जा. त्या मनु लिहून देतात."

मी सांगलीकडची. मनु हे नाव आमच्या घरी चांगल्या अर्थानं कधी घेतलं गेलं नव्हतं. मी घाबरत घाबरत नवऱ्याला विचारलं, तर तो पोट धरून हसला. तमिळमध्ये मनु म्हणजे अर्ज. कचेरीत द्यायचा साधा अर्ज. त्याला आता बावीस वर्षं झाली. माहेरी गेल्यावर कुणी मनूबद्दल तावातावानं बोलायला लागलं की मला अजूनही आधी चंद्राक्कांची पुढची खोली दिसते.

मेल राज वीथीच्या मागच्या गल्लीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. राहत्या घराची पुढची खोली, तीत नऊ मशीन. पाच तमिळ, चार इंग्लिश. सकाळच्या पहिल्या बसनं तिरुवैयारुकडच्या, पापनाशमकडच्या मुली यायच्या. केसांत ओला गजरा, हातात जेवणाचा डबा. साडेसहाला खडखडाट सुरू झाला की गल्लीतली उरलेली माणसं उठायची. 'लोअर' आणि 'हायर' या दोन परीक्षांचे कागद सरकारी नोकरीला अजून लागतात, म्हणून कॉम्प्युटरच्या दिवसांतही क्लास तग धरून होता.

चंद्राक्का उंच, वाळक्या, सुती साडीच्या निऱ्या पिनेनं घट्ट बसवलेल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. सगळा जन्म नऊ मशीनांच्या वरताण बोलण्यात गेला होता, त्यामुळं शांत खोलीतही त्या ओरडूनच बोलायच्या. त्यांच्या घरात गुपित राहणं शक्यच नव्हतं. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सवड होली नाही." इथल्या जुन्या मराठी घरांतली मराठी तशीच. आमच्याकडं 'झालं', इथं 'होलं'. पहिले काही महिने मला त्यांचं बोलणं जुन्या बखरीतल्या माणसानं तमिळ सुरात बोलावं तसं वाटायचं. नंतर माझंच बोलणं बदललं.

देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. इथल्या बहुतेकांना येत नाही. हे जे मी लिहितेय ते त्या असत्या तरी मला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि त्यांनी अर्ध्यात थांबवून म्हटलं असतं, "विशेषणं काढ मा."

कारण त्यांचा तोच नियम होता. साडेअकराला शेवटची बॅच सुटली की मनुवाले यायचे. विधवा पेन्शन थांबलेल्या, जातीचा दाखला अडलेले, पट्ट्यावर, म्हणजे इथल्या सातबाऱ्यावर, भलत्याचंच नाव चढलेले. कुणी रडत सुरुवात केली की चंद्राक्का हात वर करायच्या. "का घडलं ते नको. काय घडलं ते सांग. कुठल्या दिवशी, कुठं, कोण कुठं उभं होतं." मग ते एका पानात बसवायच्या. एका पानापेक्षा जास्त कुणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि तमिळ अर्जात शेवटी हमखास येणारा एक शब्द त्या कधी घालायच्या नाहीत. 'ताळमैयुडन', म्हणजे नम्रपणे, अगदी लीन होऊन. नम्रपणे विनंती करतो, असं सगळे लिहितात. चंद्राक्का नुसतं 'मागतो' लिहायच्या.

"हक्काचं मागायला वाकायचं कशाला?" एवढंच त्यांचं समानतेवरचं भाषण. दुसरं मी कधी ऐकलं नाही.

मी शाळेत गणित शिकवायची, दुपारी मोकळी असायची. त्यांचे डोळे अधू होत चालले तसं मी टाईप केलेलं पान तपासून द्यायला जाऊ लागले. तमिळ मी तिथंच वाचायला शिकले, असे मनु वाचून. माझी तमिळ त्यामुळं अजून तक्रारीची आहे असं नवरा म्हणतो.

अंजलै आली तेव्हा मी तिथंच होते. पापनाशमच्या पुढचं एक गाव, नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. गावाबाहेर दलितांची वस्ती. तिला इकडं नुसतं 'कॉलनी' म्हणतात. अंजलै तिथली, रोवणी-कापणीला जाणारी, चाळिशीची असेल. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. चंद्राक्का म्हणाल्या, "बसल्याशिवाय मी लिहीत नाही." तेव्हा ती टोकावर टेकली.

"काय घडलं?"

"नवरा मेला."

"कधी?"

"ऐप्पसीत. पाऊस होता. भात गुडघाभर आलेलं." ऐप्पसी म्हणजे आपला आश्विन-कार्तिक. "आमची जाळायची जागा नदीकडं आहे, अम्मा. मधे शेतं. बांधावरून गेलं तर पाच मिनिटं. पण पीक उभं असलं की शेतवाले बांधावरून प्रेत नेऊ देत नाहीत. मग कालव्यातून न्यायचं."

"पाणी किती होतं?"

अंजलैनं हात छातीशी लावला. "चौघांनी खांद्यावर धरलं होतं. पुढच्याचा पाय घसरला. तिरडी कलली, माझा नवरा पाण्यात गेला. पार पुढं वाहत गेला. पुलाच्या कमानीत अडकला तेव्हा सापडला." मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जिवंतपणी त्याला चांगलं पोहता येत होतं."

चंद्राक्कांनी टाईप करायला घेतलं. खोलीत त्या एकाच मशीनचा आवाज. पान झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अंजलैनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते नम्रपणे राहिलं."

"राहिलं नाही. मी घालत नाही."

"घाला अम्मा. त्याशिवाय साहेब वाचायचे नाहीत."

"नवरा पाण्यात पडला, यात तू नम्र कशाला व्हायचं?"

"शब्दानं मला काय होतंय? वाट मिळू दे."

चंद्राक्का खुर्ची पुढं ओढून बसल्या. मग कागद पुन्हा रोलरमध्ये घातला, ओळ जुळवली आणि तो शब्द घातला. अंजलै गेल्यावर मला म्हणाल्या, "आज मी हरले, मा." मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या दिवशी त्यांनी दुपारची कॉफी घेतली नाही.

तो पहिला मनु. दर थोड्या महिन्यांनी अंजलै येत राहिली. चौकशी होईल असं उत्तर यायचं, मग काही यायचं नाही, मग पुन्हा एक पान. एवढं सांगते, चौथ्या मनुच्या वेळी अंजलै आपणहून म्हणाली, "या वेळी तो शब्द नको." चंद्राक्कांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसतं टाईप करत राहिल्या, नेहमीपेक्षा जरा जोरात.

त्याच सुमारास शर्मिळा क्लासला आली. शर्मिळा तिरुनंगै, म्हणजे आपण तृतीयपंथी म्हणतो ती. तिरुनंगै हा तमिळ शब्द त्यापेक्षा पुष्कळ बरा आहे. त्यात आदर आहे. शब्दात तरी आहे. दुकानांतून टाळ्या वाजवून मागत फिरायचा तिला कंटाळा आला होता, बारावी झालेली होती, 'लोअर' द्यायचं होतं. चंद्राक्कांनी तिला खिडकीजवळचं तमिळ मशीन दिलं आणि पहिल्याच दिवशी बोटं चुकीची ठेवते म्हणून फूटपट्टी मारली. सगळ्यांनाच मारायच्या.

आठवड्याभरात तिघा मुलींचे वडील आले. सभ्य माणसं. एक जण म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही अम्मा, तेही माणूसच. फक्त वेळ वेगळी द्या. दुपारी एकटीला शिकवा."

"दुपारी मला मनु असतात," चंद्राक्का म्हणाल्या.

"मग आम्हाला मुली दुसरीकडं घालाव्या लागतील."

"घाला. चांगला क्लास हवा तर जुन्या बस स्टँडजवळ आहे. तिथली मशीन माझ्यापेक्षा नवी आहेत." आणि खरंच त्यांनी त्यांना पत्ता लिहून दिला. टोमणा नव्हता तो. मुलींची परीक्षा बुडू नये एवढंच त्यांच्या मनात होतं.

अठरा मुलींतल्या सहा उरल्या. पुढच्या वर्षीही फारशा आल्या नाहीत. शर्मिळा 'लोअर' पास झाली, मग 'हायर'ही, वरच्या श्रेणीत. कागद घेऊन ती वर्षभर नोकरी शोधत हिंडली. मुलाखतीला बोलवायचे, दारात तिला बघायचे, आणि जागा भरली म्हणायचे. शेवटी ती चेन्नईला गेली. काय करते ते नीट सांगायची नाही. कधीमधी चंद्राक्कांच्या फोनवर तिचा आवाजातला निरोप यायचा, 'जेवलात का अम्मा?' चंद्राक्का तो दोनदोनदा ऐकायच्या आणि उत्तर पाठवायला मला सांगायच्या. त्यांना ते बटण दाबून बोलणं कधी जमलं नाही. त्या ओरडायच्या आणि बटण आधीच सुटलेलं असायचं.

"शिकवून काय उपयोग होला?" त्या एकदा म्हणाल्या. मी काही तरी धीराचं बोलायला गेले तर म्हणाल्या, "तू गप्प बस. मी विचारत नाही, सांगतेय."

आता आमच्या घरातलं सांगायला हवं. अंजलैच्या वाटेतला तो बांध माधवण्णांचा होता. माधवण्णा माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, आणि इथल्या मराठी संघाचे कार्यदर्शी, म्हणजे चिटणीस. हे चंद्राक्कांना तिसऱ्या मनुच्या वेळी, पट्ट्याचा उतारा आला तेव्हा कळलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गावाचं नाव ऐकलं तेव्हाच मी ओळखलं होतं आणि बोलले नव्हते.

माधवण्णा वाईट माणूस नाहीत. माझ्या सासूच्या आजारपणात त्रिचीच्या दवाखान्यात ते आठ दिवस बाकावर झोपले होते. गावातल्या शाळेला त्यांनी पंखे दिले, त्या शाळेत कॉलनीतलीच मुलं जास्त. पण जमिनीचं नाव निघालं की त्यांचा चेहरा बदलायचा. भावांनी आपापले वाटे प्लॉट पाडून विकले, एवढाच तुकडा यांच्याकडं राहिला. "आज तीन फूट वाट द्या," ते म्हणायचे, "उद्या ट्रॅक्टर येईल, परवा रस्ता होईल, मग शेत कुठलं राहतं?"

एका दुपारी तेच चंद्राक्कांकडे आले, संघाचा मनु लिहून घ्यायला. मुलांचे दाखले काढताना कचेऱ्यांतून अजून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? महाराष्ट्रात गेलं तर तिकडचे लोक आमची भाषा ऐकून हसतात. इथं घरी मराठी बोलतो म्हणून बाहेरचे. माधवण्णा बोलत होते. लहानपणी शाळेत त्यांना 'वडनाट्टान', उत्तरेकडचा, म्हणून चिडवायचे, ते त्यांनी सांगितलं. साठीचा माणूस, पण बोलताना तोच वर्गातला पोरगा झाला होता.

"काय मागायचं?" चंद्राक्कांनी विचारलं.

"लिहा, की आम्ही साडेतीनशे वर्षं इथं आहोत. आमच्या कितीक पिढ्यांची राख याच कावेरीत गेली. अजून आम्हाला परके का समजता?"

चंद्राक्कांनी तो मनु फार चांगला लिहिला. मी तपासला म्हणून सांगते, इतका नेटका मनु त्यांनी दुसरा लिहिला नसेल. माधवण्णांनी तो दोनदा वाचला, डोळे पुसले, कागदाची घडी करायला लागले.

"राखेचं वाक्य चांगलं होलं, अण्णा," चंद्राक्का म्हणाल्या. "तुमचंच आहे. मला सुचलं नसतं."

"हो ना?"

"तुमच्या माणसांना राख व्हायला नदीपर्यंत वाट होती. अंजलैच्या नवऱ्याला नव्हती. तो तुमच्या शेताच्या कडेनं, पाण्यातून गेला."

माधवण्णा उभेच राहिले. "ते वेगळं आहे, चंद्रा."

"सांगा ना वेगळं कसं. मी टाईप करते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातलं पान उलटं करून ठेवलं, सुलटं केलं. माधवण्णा मनु घेऊन गेले. जाताना चपला घालताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी खांब धरला. ते चित्र मला का लक्षात राहिलं माहीत नाही.

पुढच्या महिन्यात संघाची वार्षिक सभा होती, रविवारी, एका कल्याण मंडपाच्या लहान हॉलमध्ये. सुंडल, कॉफी, मुलांची गाणी. सगळं आटोपत आलं तेव्हा चंद्राक्का उठल्या. त्यांना माईकची गरज नव्हतीच.

"आपण परके नाही असं सरकारला सांगायला मनु दिला आहे. मीच लिहिला. आता एक विचारते. आपल्या कार्यदर्शींच्या बांधावरून कॉलनीला तीन फूट वाट हवी आहे, प्रेत न्यायला. संघानं त्यांना सांगावं की द्या. कोण कोण सांगेल?"

एक म्हातारे म्हणाले, हा संस्कृतीचा कार्यक्रम आहे. कुणी तरी पंखा वाढवला. चंद्राक्का एकेका रांगेकडं बघत गेल्या. आमच्या रांगेशी आल्या. माझ्या हातात सुंडलचा द्रोण होता, त्यात पाच-सात चणे उरले होते, आणि मी त्या चण्यांकडं बघत राहिले. शेजारी नवरा होता, त्याच्या शेजारी माधवण्णांची बायको. मला फक्त उभं राहायचं होतं.

"सरि," चंद्राक्का म्हणाल्या. "होलं." आणि बसल्या.

त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. त्या नवरात्रात घरोघरी मांडलेला बाहुल्यांचा गोलू बघायला त्यांना कुणी बोलावलं नाही, एवढंच. पोंगलला फोन आले नाहीत. लग्नाच्या याद्यांतून नाव गळलं, आणि ते कुणी मुद्दाम गाळलं असंही म्हणता येईना. मी जात राहिले. पण गल्लीत शिरायच्या आधी माधवण्णांची स्कूटर कुठं दिसत नाही ना, ते बघून.

एकदा मी धीर करून म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

त्या सुई-दोऱ्यानं मशीनचं कव्हर शिवत होत्या. "उठली असतीस तर बरं होलं असतं," म्हणाल्या. "मला एकटीला उभं राहून गुडघे दुखले." मग थोड्या वेळानं, "सुई ओवून दे."

मी ओवून दिली. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला त्यावरून कधीच ठरवता आलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक अधिकारी बाई वाटेची पाहणी करायला स्वतः गावात गेल्या. चपला हातात घेऊन बांधावरून नदीपर्यंत चालल्या, कालव्यात काठी घालून पाणी मोजलं. दोन महिन्यांनी हुकूम आला. मोजणीदार आले, दगड पुरले. महिनाभरात दगड नाहीसे झाले. कुणी काढले ते कुणी पाहिलं नव्हतं. पुन्हा मनु, पुन्हा मोजणी, पुन्हा दगड. या वेळी ते राहिले. पण पेरणी झाली तशी माधवण्णांनी पाण्याचं तोंड त्या बाजूला फिरवलं आणि वाटेचा चिखल झाला.

मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, अंजलैची सासू गेली. माझा नवरा त्या दिवशी योगायोगानं शेतावर होता, त्यानं घरी येऊन सांगितलं. माणसं प्रेत घेऊन वाटेच्या तोंडाशी आली, थांबली. माधवण्णा पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी उभे होते. अंजलै पुढं होती. तिनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि चिखलात पाय घातला. पोटरीपर्यंत गेला. मग खांदेकरी उतरले. हळूहळू, एकेक पाय उपसत, सगळे नदीकडं गेले. प्रेत जवळून गेलं तेव्हा माधवण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

इकडं मोठ्या माणसासमोर, मेलेल्यासमोर, खांद्यावरचा टॉवेल काढतात.

"मान दिला म्हणतोस?" मी नवऱ्याला विचारलं.

"काय माहीत. घाम पुसायला काढला असेल."

मी हे जसंच्या तसं चंद्राक्कांना सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मार्गळीत घाम?" आणि हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. पण ते फार टिकलं नाही. "एक वाट," म्हणाल्या. "सहा वर्षं. जिल्ह्यात गावं किती आहेत, मा?" मग त्यांनी कागद मागितला. वाटेवर मुरूम टाकायला हवा होता, त्याचा मनु.

त्या दमल्या होत्या. आधीही दमत असतील, पण आता लपवत नव्हत्या. टाईप करताना मधेच हात मांडीवर ठेवून बसायच्या. बातम्या बघणं सोडलं होतं. कुणी पेपरातलं काही सांगायला लागलं, इकडं कुणाला देवळात येऊ दिलं नाही, तिकडं कुणाला घर भाड्यानं दिलं नाही, तर म्हणायच्या, "त्यांना सांग, साडेअकरानंतर या." जणू सगळ्या देशानं त्यांच्याचकडं मनु लिहायला यायचं होतं.

एका गुरुवारी दुपारी, दोन मनुंच्या मधल्या वेळात, त्या खुर्चीतच गेल्या. अंत्ययात्रेला संघातले पुष्कळ लोक आले. माधवण्णाही आले, आणि कोपऱ्यात बराच वेळ उभे राहिले. मुरूम अजून पडलेला नाही. मनु आता मी लिहिते, हातानं, आणि माझ्या तमिळमध्ये चुका असतात.

मी त्यांना शेवटचं धडधाकट बघितलं ते त्या आधीच्या सोमवारी. सोमवारी कचेरीत मनु घेतात. त्यांचे गुडघे फार दुखत होते म्हणून मी फाटकापर्यंत सोडायला गेले होते. क्लास मोठ्या मुलींवर सोपवला होता, आणि माझी शाळा त्या दिवशी उशिरा भरणार होती. रांग रस्त्यापर्यंत आलेली, ऊन चढलेलं, डोक्यांवर छत्र्या, फायली, पदर. फाटकात पोलीस सगळ्यांच्या पिशव्या तपासत होते. कुणी कुणी हताश होऊन येतात आणि आत गेल्यावर अंगावर रॉकेल ओतून घेतात, म्हणून बाटल्या उघडून वास घेतात.

चंद्राक्कांची पाळी आली. एक तरुण पोलीस बाई होती, चेहरा उन्हानं रापलेला, ओठ सुकलेले, पहाटेपासून उभी असावी. तिनं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, नाकाशी नेलं. मग जरा ओशाळून, आजीला म्हणावं तसं म्हणाली, "पाट्टी, एक घोट प्या. आम्हाला तसं सांगितलंय."

इकडं कुणी बाटलीला तोंड लावत नाही. मान मागं करून वरून ओततात. चंद्राक्कांचा हात तेवढा वर जाईना. त्यांनी सरळ ओठ लावले, एक घोट प्याल्या, आणि पोलीस बाईकडं बघितलं.

"तू कधी प्यालीस?" त्यांनी विचारलं. सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

चंद्राक्कांनी बाटली पुढं केली. तिनं इकडंतिकडं बघितलं, साहेब कुठं आहेत ते. मग बाटली घेतली आणि तशीच, ओठ लावून, घटाघटा प्याली. अर्धी संपली तेव्हा थांबली. पुसून द्यावी म्हणून तिनं बाटलीच्या तोंडाकडं बाही नेली, पण चंद्राक्कांनी तिच्या हातातून ती घेऊन झाकण लावलं, पिशवीत टाकली. मागचे लोक सरकले. फाटकाच्या आत छत्र्यांच्या गर्दीत त्यांचं पांढरं डोकं थोडा वेळ उंच दिसत होतं. मग कुणाची तरी छत्री आडवी आली, आणि मी शाळेची बस पकडायला वळले.